दूध आटते म्हणजे नेमके काय होते?

मालवणच्या किनाऱ्यालगतच्या गावांत मे महिना सरत आला की विहिरी आटतात. कळशी तळाच्या कातळावर आपटू लागते. मग पावसाची वाट पाहण्याखेरीज काही करता येत नाही. ‘आटणे’ हाच शब्द आपण आईच्या दुधासाठीही वापरतो. ‘तिचे दूध आटले’ असे एकदा घरात ठरले की पुढचा विचार थांबतो आणि डबा-बाटली घरात येते. विहिरीच्या पाण्याला लागू पडणारा तर्क आपण नकळत आईच्या दुधालाही लावतो.

तो तर्क दुधाला लागू पडतो का? थांबलेले दूध पुन्हा सुरू होऊ शकते का? होत असेल तर ते कशामुळे? शरीरशास्त्राने या प्रश्नांची बऱ्यापैकी स्पष्ट उत्तरे दिली आहेत. ती समजून घेण्यासाठी अवघड गणित किंवा रसायनशास्त्र लागत नाही.

प्रश्न कोठून सुरू होतो?

आधी स्तनपानात खंड का पडतो ते पाहू. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले तर त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा थेट गोव्याला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हलवावे लागते. बाळ काचेच्या पेटीत आणि आई गावी, असे काही आठवडे जातात. कधी आईच आजारी पडते. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिससारख्या तापाने तिला दवाखान्यात ठेवावे लागते. कधी काजूच्या कारखान्यातले काम किंवा शाळेतली नोकरी पुन्हा सुरू होते आणि दिवसभर अंगावर पाजणे बंद पडते. सर्वांत नेहमीचे कारण मात्र साधे असते. बाळ रडते, घरातले कोणीतरी म्हणते, “पोराक दूध पुरना नाय,” आणि वरचे दूध सुरू होते. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते, त्यामुळे दूध आणखी कमी होते आणि दोनतीन आठवड्यांत ते भाकीत खरे ठरते.

याची किंमत मोजून पाहण्यासारखी आहे. पहिले सहा महिने केवळ भुकटीच्या दुधावर बाळ वाढवायचे तर सुमारे २० किलो भुकटी लागते. म्हणजे ५०० ग्रॅमचे ४० डबे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारी बंद असते. ज्या घराचे पोट समुद्रावर आहे, त्या घरात याच दोन महिन्यांत पैशांची सर्वांत जास्त ओढ असते. मग डबा पुरवून वापरला जातो. चार चमच्यांच्या जागी तीन, पुढे दोन. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरते तेही याच दिवसांत. पातळ दुधाने बाळ अशक्त होते आणि अशुद्ध पाण्याने त्याला जुलाब लागतात. म्हणून ‘दूध परत येईल का?’ हा प्रश्न केवळ आईच्या समाधानापुरता राहत नाही.

दूध तयार होते कसे?

स्तनामध्ये द्राक्षाच्या घोसासारखी रचना असते. घोसातला प्रत्येक मणी म्हणजे एक सूक्ष्म दुग्धकोष. या कोषाच्या आतल्या पेशी रक्तातून पाणी, शर्करा, मेद व प्रथिनांचे घटक घेऊन दूध बनवतात आणि कोषाच्या पोकळीत सोडतात. कोषाच्या बाहेरून स्नायूंसारख्या आकुंचन पावणाऱ्या पेशींचे जाळे असते. कोषातून निघालेल्या बारीक नलिका एकत्र येत स्तनाग्रापर्यंत पोचतात.

बाळ ओढू लागले की स्तनाग्राकडील मज्जातंतूंमार्फत मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला संदेश जातो. तेथून दोन कामे घडतात. पहिले प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे. हे पीयूषिका ग्रंथीच्या पुढच्या भागातून रक्तात येते आणि दुग्धकोषांना दूध बनवायला लावते. एरवी हायपोथॅलॅमसमधून येणारे डोपामिन हे रसायन प्रोलॅक्टिनला ब्रेक लावून ठेवते. बाळाच्या ओढण्याने तो ब्रेक सैल होतो. रात्रीच्या वेळी प्रोलॅक्टिनचे प्रमाण अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे दूध टिकवण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे.

दुसरे काम ऑक्सिटोसिनचे. हे पीयूषिकेच्या मागच्या भागातून येते आणि दुग्धकोषांभोवतीच्या पेशींना आकुंचित करते. कोषातले दूध नलिकांत ढकलले जाते. यालाच आपण ‘पान्हा फुटणे’ म्हणतो. गोठ्यात वावरलेल्या माणसाला हे नव्याने सांगावे लागत नाही. वासरू लावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही आणि वासरू मेले तर पेंढा भरलेले त्याचे कातडे तिच्यापुढे ठेवण्याची रीत खेड्यांतून होती. अनोळखी माणूस धार काढायला बसला की ती दूध चोरते. आईचेही तसेच आहे. बाळाचा स्पर्श, त्याचा आवाज, नुसती त्याची आठवण यांनी पान्हा येतो. वेदना, धास्ती आणि ‘तुला दूधच नाही’ असे रोजचे ऐकणे यांनी तो अडतो. अशा वेळी कोषात दूध असूनही ते बाहेर येत नाही आणि पाहणाऱ्याला वाटते, दूधच नाही.

शेळ्यांनी दिलेले उत्तर

एवढे कळले तरी एक कोडे उरते. संप्रेरके रक्तातून येतात आणि रक्त दोन्ही बाजूंना सारखेच पोचते. मग बाळ एकाच बाजूला अधिक पीत असेल तर त्याच बाजूचे दूध का वाढते?

स्कॉटलंडमधील हॅना संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी हा प्रश्न शेळ्यांना विचारला, असे म्हणायला हरकत नाही. शेळीच्या कासेचे दोन भाग एकमेकांपासून स्वतंत्र असतात. त्यांनी एका बाजूची धार नेहमीपेक्षा अधिक वेळा काढली आणि दुसरी बाजू नेहमीप्रमाणे ठेवली. दूध वाढले ते फक्त जास्त वेळा काढलेल्या बाजूचे. म्हणजे दूध किती बनवायचे याचा हिशेब केवळ मेंदूत ठेवलेला नसून ग्रंथीतही ठेवलेला असतो.

पण ग्रंथीला हे कळते कसे? भरलेल्या कासेचा ताण बसतो म्हणून, असे कोणीही म्हणेल. १९८० च्या दशकात या शंकेचीही परीक्षा झाली. दूध काढून घेऊन त्या जागी साखरेचे निरुपद्रवी द्रावण भरले. आता कास पूर्वीइतकीच भरलेली होती, ताणही तोच होता; तरीसुद्धा दूध बनण्याचा वेग वाढला. याचा अर्थ असा की, साठून राहिलेल्या दुधातच ‘आता पुरे’ असे पेशींना सांगणारा काही पदार्थ असतो. दूध काढले की हा निरोपही बाहेर जातो आणि पेशी पुन्हा कामाला लागतात. हा पदार्थ एकच की अनेक, याविषयी शास्त्रज्ञांत चर्चा चालू आहे. पण नियम पक्का आहे: जितके दूध निघेल तितके बनेल.

घराच्या छपरावरच्या टाकीतला तरंगता चेंडू डोळ्यांपुढे आणा. टाकी भरली की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी वापरले की चेंडू खाली जातो आणि नळ उघडतो. टाकी वापरलीच नाही तर नळ बंदच राहणार, पण त्याचा अर्थ पाणी संपले असा नाही. आईच्या दुधाला विहिरीपेक्षा ही टाकीची उपमा अधिक जवळची आहे.

थांबल्यावर काय होते?

ही उपमा मात्र फार ताणू नये, कारण स्तन ही जिवंत ग्रंथी आहे. शेतकरी व्यायला आलेल्या गाईला आटवतो म्हणजे काय करतो? धार काढणे कमी करत जातो आणि मग थांबवतो. दूध साचते, पेशींना थांबण्याचा निरोप मिळतो आणि हळूहळू दुग्धकोष आक्रसतात. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, पिले दूर केल्यानंतरचा सुमारे दोन दिवसांचा काळ परतीचा असतो. पिले पुन्हा लावली तर दूध तसेच चालू होते. त्यानंतर दूध बनवणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट होऊ लागतात. माणसात हा क्रम बराच सावकाश चालतो.

पण नलिकांचे जाळे आणि नव्या पेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी शिल्लक राहतात. दुकानाचा माल संपला, कामगार घरी गेले, पण इमारत आणि यंत्रे जागेवर आहेत, अशी ही अवस्था. मागणी पुन्हा येऊ लागली की कामगारही परत येतात. म्हणूनच खंड जितका लहान तितके काम सोपे. पण खंड काही महिन्यांचा असला तरी दार पूर्ण बंद झालेले नसते. ज्या स्त्रीला कधी दिवस गेलेले नाहीत अशा दत्तक आईलाही, चिकाटीने आणि वैद्यकीय मदतीने काही प्रमाणात दूध येऊ शकते, हे याच नियमाचे टोकाचे उदाहरण.

पुन्हा सुरुवात कशी करायची?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली या विषयावरील अनुभवांचा आढावा घेणारी पुस्तिका काढली. तिचा गाभा वर आलेल्या नियमातूनच निघतो: बाळाला वारंवार ओढू द्या आणि तोवर त्याला उपाशी ठेवू नका.

पहिली गोष्ट वारंवारतेची. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा, रात्र धरून, दोन्ही बाजूंना प्रत्येकी दहापंधरा मिनिटे बाळाला पाजायला घ्यावे. बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र नव्हे तर भोवतीचा काळसर भागही जायला हवा. तसे नसेल तर आईला दुखते आणि दूधही नीट निघत नाही. बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे धरून ठेवल्याने पान्ह्याला मदत होते. बाळ दूर असेल किंवा ओढत नसेल तर तेवढ्याच वेळा हाताने दूध काढावे. सुरुवातीला काही थेंबच येतील, कधी तेही नाहीत. तरी ग्रंथीला निरोप पोचतच असतो.

दुसरी गोष्ट बाटली दूर ठेवण्याची. बाटलीच्या बुचातून दूध आपोआप येते, तर अंगावर बाळाला जबडा चालवावा लागतो. सोप्याची सवय लागलेले बाळ अवघड नाकारते. वरचे दूध द्यावे लागणारच असेल तर ते वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने द्यावे, आणि बोंडले उकळून घ्यावे.

तिसरी गोष्ट एका युक्तीची. रिकाम्या स्तनाशी भुकेले बाळ फार वेळ रमत नाही. म्हणून निर्जंतुक अशी बारीक नळी घेऊन तिचे एक टोक दुधाच्या वाटीत बुडवतात आणि दुसरे स्तनाग्राला चिकटवून दोन्ही एकदम बाळाच्या तोंडात देतात. बाळ ओढते ते आईला, पण पोट भरते वाटीतल्या दुधाने. वाटी वर धरली की दूध भराभर येते, खाली धरली की हळू. ओढण्याचे फळ मिळत असल्याने बाळ टिकून राहते आणि त्याच वेळी आईच्या मेंदूला हवा तो संदेश जात राहतो. ही युक्ती आधी नर्सबाईंकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

वरचे दूध एकदम तोडू नये. सुरुवातीला बाळाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर या हिशेबाने पूर्ण आहार मिळालाच पाहिजे. आईचे दूध येऊ लागले की दिवसभरातल्या वरच्या दुधातून ५० मिलिलिटर कमी करावे, काही दिवस पाहावे आणि मग आणखी ५० कमी करावे. निर्णय अंदाजाने नव्हे, दोन मोजमापांनी घ्यायचा. बाळ दिवसात किमान सहा वेळा लघवी करते का, आणि आठवड्याला किमान सव्वाशे ग्रॅम वाढते का? अंगणवाडीतला वजनकाटा यासाठी पुरेसा आहे. वजन वाढत नसेल, लघवी गडद व कमी होत असेल किंवा बाळ सुस्त वाटत असेल तर वरचे दूध पुन्हा वाढवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

वेळ किती लागतो? पहिले थेंब बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्याभरात दिसतात. पुरवठा भरात यायला काही आठवडे लागतात, कधी दोन महिनेही. बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल आणि पूर्वी अंगावर प्यालेले असेल तर काम अधिक सोपे. काही मातांना पूर्ण दूध येत नाही, निम्मेच येते. ते अपयश मानू नये. निम्मे दूध म्हणजे निम्मे डबे वाचले आणि दूषित पाण्याशी येणारा संबंधही तेवढा कमी झाला.

आपल्या आसपासचे काम

ही किमया मोठ्या शहरांतल्या यंत्रसज्ज रुग्णालयांतच घडते असे नाही. कर्नाटकात दावणगिरीच्या जे.जे.एम. वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांनी मातांना भरती न करता, बाह्यरुग्ण विभागातच दूध पुन्हा सुरू करून देण्याचे काम केले. त्याचा वृत्तांत २००३ साली ‘इंडियन पिडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आला. आत ओढल्या गेलेल्या स्तनाग्रांसाठी त्यांनीच १९९३ मध्ये एक उपाय प्रसिद्ध केला होता. प्लॅस्टिकच्या पिचकारीचे सुईकडचे टोक कापायचे, दट्ट्या त्या बाजूने घालायचा आणि गुळगुळीत बाजू स्तनावर ठेवून हलकेच ओढायचे. काही रुपयांच्या पिचकारीने अनेक बाळांची अडचण दूर होऊ शकते.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना, त्यांच्या आईचे दूध येईपर्यंत, इतर मातांनी दिलेले व निर्जंतुक केलेले दूध मिळू लागले. १९९१ साली वर्ध्यात स्तनपानाला पाठबळ देणारे देशव्यापी जाळे उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, बाळांसाठीच्या दूधभुकटीच्या व बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा झाला. तो २००३ साली अधिक कडक करण्यात आला.

हळीव, मोरी आणि गोळ्या

आपल्याकडे बाळंतिणीला हळिवाची खीर, मेथीचे आणि डिंकाचे लाडू देतात. किनाऱ्यावर मोरी माशाचे कालवण दूध वाढवते असे मानतात. यांतून आईला प्रथिने, लोह आणि ऊर्जा मिळते. पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक लागतात, तेव्हा ही परंपरा मोडण्याचे कारण नाही. फक्त मोरी हा शार्क जातीचा मासा आहे. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो, म्हणून तो रोजच्या जेवणात नसावा. बांगडा-तारली अधिक चांगल्या. मुख्य म्हणजे, बाळाने ओढल्याशिवाय कोणताही लाडू दूध आणू शकत नाही.

हेच औषधांचे. डोपामिनचा ब्रेक सैल करणाऱ्या डोमपेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड यांसारख्या गोळ्या प्रोलॅक्टिन वाढवतात, हे आता सहज कळेल. पण त्यांचे दुष्परिणाम आहेत, हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून त्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. तसेच, ताप आला म्हणून पाजणे लगेच तोडू नये. बहुतेक आजारांत आणि बहुतेक औषधांबरोबर पाजता येते. थोड्या आजारांत व काही औषधांच्या काळात मात्र ते थांबवावे लागते. म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: “थांबवणे खरेच आवश्यक आहे का?” आणि “तोवर दूध काढत राहू का?” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले आणि तसे केले, तर पुढचा बराच खटाटोप वाचतो.

शाळेचा यात काय संबंध?

रायगडाचा कडा रात्री उतरून तान्ह्याकडे धावलेल्या हिरकणीची कथा आपण मुलांना सांगतो. एस.टी.च्या स्थानकांवरील पाजण्याच्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ हे नावही तिच्यावरूनच मिळाले. पण कोणत्याही आईला रोज कडा उतरावा लागू नये. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी दिली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. आपल्या शाळेतील एखादी शिक्षिका रजा संपवून परत आली तर तिला मधल्या सुट्टीत दूध काढायला दाराला कडी असलेली एक खोली मिळते का, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला तपासता येईल. झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या भांड्यात काढलेले दूध साधारण तापमानाला सुमारे चार तास टिकते. मालवणच्या उन्हाळ्यात ते याहून लवकर वापरावे किंवा थंड जागी ठेवावे.

वर्गात संप्रेरकांचा धडा शिकवताना उदाहरण म्हणून हा विषय घेण्याजोगा आहे. साठलेल्या दुधाने दूध बनणे मंदावते, हा ऋण पुनर्भरणाचा नमुना. बाळ ओढते, पान्हा येतो, म्हणून ते अधिक ओढते, हा धन पुनर्भरणाचा. शेळ्यांचा प्रयोग फळ्यावर मांडून ‘ताणामुळे की दुधातल्या पदार्थामुळे, हे कसे ठरवाल?’ असा प्रश्न विद्यार्थ्यांना टाकावा. साखरेच्या द्रावणाची कल्पना त्यांना स्वतःहून सुचते का, ते पाहावे. मुलगे-मुली एकत्र बसलेले असताना हा धडा संकोच न करता घ्यावा, कारण दहाबारा वर्षांनी घरात ‘दूध आटले’ असे कोणी म्हणेल तेव्हा तिथे ऐकणाऱ्यांत बापही असणार आहे. त्याने त्या वेळी डबा आणायला निघण्याआधी एवढेच विचारले, “बाळाला दिवसातून किती वेळा अंगावर घेतले?” तरी धडा नीट शिकवला गेला असे म्हणता येईल.